पहिल्या रिस्टोरेशनसाठी जुनी डर्ट बाईक घेताय? आधी हे बघा

जुनी टू-स्ट्रोक (पेट्रोलसोबत ऑईलही जाळणाऱ्या जुन्या पद्धतीच्या इंजिनची गाडी) घ्यायची, स्वतःच्या हाताने उभी करायची आणि मग मातीत पळवायची, असं डोक्यात असलेली पोरं आता बरीच भेटतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "कुठली घेऊ?" मी प्रत्येकाला एकच सांगतो, पूर्ण असलेली घे. मॉडेल नंतर बघू. जिचा एकही मोठा पार्ट गायब नाही, इंजिन तिचंच आहे आणि कागद जिवंत आहेत अशी गाडी पहिल्या प्रोजेक्टला घ्यायची, मग ती तुमच्या स्वप्नातली नसली तरी चालेल. अर्धी गाडी खोक्यात आणि अर्धी अंगणात, "सगळं आहे बघा, फक्त जोडायचंय" असं सांगून कोणी स्वस्तात देत असेल तर नमस्कार करून निघा. जी गाडी तुम्ही उघडलेली नाही ती जोडायची कशी हे पहिल्या वेळी कळत नाही, कुठला बोल्ट कुठला ते माहीत नसतं, आणि "सगळं आहे" मध्ये काय नाही ते सहा महिन्यांनी समजतं.

आपल्याकडे डर्ट बाईक म्हणजे नेमकं काय

आधी एक गोष्ट क्लिअर करू. परदेशात कंपन्यांनी मातीसाठीच बनवलेल्या गाड्या साठ-सत्तरच्या दशकापासून दुकानात मिळायच्या. आपल्याकडे तसं काही नव्हतं. सामान्य माणसाला परवडेल अशी मातीवर चालणारी कंपनीची गाडी म्हणजे हिरो इम्पल्स, ती आली 2011 ला. त्याआधी आपल्या मैदानांवर जे काही उडालं ते रोडच्याच गाड्यांना कापूनकुपून बनवलेलं, हेडलाईट काढा, मडगार्ड वर चढवा, रुंद हँडल, मागे मोठं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), नॉबी म्हणजे जाड गुठळ्यांचे टायर, झालं.

म्हणजे तुमच्यासमोर दोन रस्ते आहेत. एक, आधीच कोणीतरी डर्टसाठी बनवलेली जुनी गाडी घ्यायची. दोन, रोडची ओरिजनल गाडी घेऊन ती नीट करायची आणि डर्टचं सामान बोल्टने लावता-काढता येईल असं ठेवायचं. पहिल्या प्रोजेक्टला दुसराच रस्ता धरा. रेससाठी बनवलेल्या गाडीच्या ब्लॉकमधले (म्हणजे सिलेंडरमधले) पोर्ट, म्हणजे हवा-पेट्रोल आत आणि धूर बाहेर जायची भोकं, फाईल मारून मोठे केलेले असतात, हेड (सिलेंडरवरचं झाकण) घासलेलं असतं, चेसीवर वेल्डिंग असतं, आणि हे सगळं कोणत्या मापाने केलंय हे करणाऱ्यालाच माहीत, ते परत मूळ मापावर आणायचं म्हणजे ब्लॉकच नवा शोधावा लागतो.

कोणत्या गाड्या यादीत ठेवायच्या

यामाहा आरएक्स 100 बद्दल वेगळं सांगायला नको. 1985 ते 1996, 98 सीसी, 11 हॉर्सपॉवर, चार गिअर, आणि वजन शंभर किलोच्या आसपास. मातीत हे वजनच सगळ्यात कामाला येतं, गाडी पडली तर एकटा माणूस उचलतो. इंजिन साधं, रीड व्हॉल्व्हचं, बोअर (सिलेंडरची रुंदी) 50 मिमी आणि स्ट्रोकपण (पिस्टनची वर-खाली धाव) 50 मिमी. पार्ट तालुक्याच्या गावीपण मिळतात. अडचण एकच आहे, भाव. लोकांनी आरएक्सचा भाव कुठल्या कुठे नेऊन ठेवलाय, आणि भाव चढला की भानगडी वाढतात, यामाहाच्याच आरएक्सजी किंवा आरएक्स 135 च्या चेसीवर 100 चे स्टिकर आणि साईड पॅनल लावून विकणारे आहेत, एकाची चेसी आणि दुसऱ्याचं इंजिन तर अगदी कॉमन.

म्हणून मी नवख्यांना सरळ आरएक्स 135 बघा म्हणतो. 132 सीसी, खालच्या आरपीएमला जास्त ओढते, नंतरच्यांना पाच गिअर आहेत, आणि ती 2000 नंतरही बनत होती त्यामुळे चेसी कमी सडलेली आणि कागद कॉम्प्युटरवर असण्याचा चान्स जास्त. "पण 100 ती 100 च" असं ऐकवणारे भेटतील. ऐकून घ्या आणि 135 घ्या.

दुसरी येझदी. हिच्याबद्दल मला जरा जास्त लिहायचंय कारण मातीशी हिचं नातं खरं जुनं आहे. म्हैसूरच्या आयडियल जावाने चेक कंपनीच्या लायसन्सवर 1961 पासून जावा बनवायला घेतली, 1973 पासून नाव येझदी झालं, 1996 ला कारखाना बंद पडला. ज्या चेकोस्लोव्हाकियातून हे डिझाईन आलं तिथल्याच सीझेड कंपनीच्या टू-स्ट्रोक गाड्यांवर जोएल रोबेरने 1964, 68 आणि 69 ला 250 सीसी मोटोक्रॉसची (मातीवरच्या रेसची) वर्ल्ड चॅम्पियनशिप मारली होती. म्हणजे घराणं मातीतलंच. येझदीचं 250 सीसी सिंगल सिलेंडर, दोन सायलेन्सर, किक आणि गिअरचा एकच लिव्हर, पेट्रोलमध्येच ऑईल टाकायचं त्यामुळे बहुतेक मॉडेलना ऑईल पंपाची भानगड नाही. पण गाडी जड आहे. शेताच्या बांधावरून, घाटातल्या कच्च्या रस्त्यावरून मस्त जाते, उडवायला नाही. रोडकिंग मिळाली तर सगळ्यात बरं. आणि पार्ट शोधताना लक्षात ठेवा, 2022 ला नवीन मालकांनी येझदी नावाने काढलेल्या गाड्या फोर-स्ट्रोक आहेत, त्यांचा एक नटपण जुन्या येझदीला लागत नाही, सर्चमध्ये दोन्ही एकत्र येतात.

टीव्हीएस सुझुकीच्या शोगन, सामुराई आणि कावासाकी बजाजची केबी 100 या अजूनही त्या मानाने स्वस्तात मिळतात. शोगन तर 108 सीसीत 14 हॉर्सपॉवर, फार गुणी गाडी. पण पार्ट मिळवताना घाम फुटतो, त्यातही साईड पॅनल, मीटर, टाकी. ओळखीत जुना टीव्हीएसचा मेकॅनिक असेल तरच जा.

राजदूत 350 पहिल्या प्रोजेक्टला नकोच. 1983 ला आलेली 347 सीसीची ट्विन, तिचा आवाज ऐकून मन फिरतं हे मान्य, पण दोन सिलेंडर म्हणजे दोन पिस्टन, दोन कार्ब (कार्बोरेटर) आणि क्रँकचं (पिस्टनच्या धावेने फिरणाऱ्या शाफ्टचं) काम तर ते जमणाऱ्या माणसाकडेच. दुसरा किंवा तिसरा प्रोजेक्ट म्हणून ठेवा.

तुमच्यापैकी जे अमेरिकेत वगैरे आहेत त्यांना खऱ्या फॅक्टरी ट्रेल बाईक मिळतात, 1968 च्या यामाहा डीटी-1 नंतरची सगळी डीटी फॅमिली, होंडाच्या एक्सएल. पहिल्यासाठी डीटी 175 किंवा एक्सएल 185 यासारखी भरपूर खपलेली गाडी घ्या, माईको, बुल्टाको किंवा 1973 ची एल्सिनोर अशा रेसच्या गाड्या पार्टसाठी रडवतात. आणि टायटलचा, म्हणजे मालकीचा, कागद आहे का ते गॅरेज बघायच्या आधी विचारा, निव्वळ मातीत चालवलेल्या बऱ्याच गाड्यांना तो नसतो, आणि तुमच्या राज्यात त्यावर काय करता येतं हे आधी कळलेलं बरं.

गाडी बघायच्या आधी बाजारात जा

हे कोणी करत नाही आणि हेच सगळ्यात आधी करायचंय. मॉडेल ठरलं की पार्टची यादी काढा: पिस्टन किट, क्रँक बेअरिंग, कनेक्टिंग रॉड किट, सगळी ऑईल सील, गॅस्केट सेट, क्लच प्लेट, कोन सेट (हँडलचे बेअरिंग), चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या फोर्कचे) बुश, शॉकअप, चेनसेट, केबल, वायरिंग, टायर. पुण्यात असाल तर नाना पेठेत एक चक्कर मारा, बुधवारी नाहीतर रविवारी जुना बाजारही बघा. प्रत्येक पार्टचे दोन भाव लिहा, कंपनीचा आणि लोकल. जो पार्ट तीन दुकानांत नाही म्हणाले त्याच्यासमोर लाल खूण करा. आता तुम्ही गाडी बघायला जाल तेव्हा नजर आपोआप लाल खुणांवर जाते, ते पार्ट गाडीवर आहेत का, धड आहेत का. बाकीचं तुटलेलं असलं तरी विकत मिळतं.

लेथवालापण आधीच बघून ठेवा. बोअर करणं (सिलेंडर आतून घासून मोठा करणं) आणि क्रँक प्रेस करून सेंटर करणं हे घरी होत नाही. कोल्हापूरकरांना उद्यमनगर आहे, त्यांना याची काळजीच नाही, बाकीच्यांनी दोन-तीन मेकॅनिकना विचारा की तुम्ही क्रँक कोणाकडे पाठवता, सगळे एकच नाव घेत असतील तर तोच तुमचा माणूस.

कागद

गाडीला हात लावायच्या आधी आरसी मागा. फोटो नको, आरसी. मग चेसी नंबर बघा, आरएक्सचा हँडलच्या खाली स्टिअरिंग हेडवर असतो. चिखल आणि ग्रीस रॉकेलने पुसून काढा, त्यावर पातळ कागद धरा आणि पेन्सिल आडवी घासा. नंबर कागदावर उठतो आणि डोळ्याला न दिसलेलं पण दिसतं, एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा खोल, एखादा वाकडा, आजूबाजूला ग्राइंडर फिरवल्याच्या रेषा. आरटीओतले इन्स्पेक्टरही हाच ट्रेस घेतात. नंबरात जरा जरी शंका आली तर गाडी कितीही सुंदर असो, सोडा, चोरीची गाडी रिस्टोअर करून तुम्ही पोलीस स्टेशनला दान करणार आहात काय. इंजिन नंबरपण आरसीशी जुळवा.

मग नंबर एमपरिवहन या सरकारी ॲपवर टाका. ऐंशी-नव्वदच्या गाड्या कधीकधी तिथे दिसतच नाहीत कारण रेकॉर्ड जुन्या रजिस्टरमध्ये पडून आहे, ते कॉम्प्युटरवर चढवायला आरटीओत बॅकलॉग एंट्री करावी लागते. ते होतं, पण वेळ खातं आणि मूळ मालकाचे कागद लागतात. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीचं रजिस्ट्रेशन रिन्यू झालंय का, पर्यावरण कर भरलाय का, बँकेचा बोजा आरसीवर अजून दिसतोय का (फायनान्स कंपनी कधीच बंद झालेली असली तर तो उतरवणं म्हणजे मोठं काम), दुसऱ्या जिल्ह्याची असेल तर एनओसी कोण काढणार, हे सगळं पैसे द्यायच्या आधी बोलून घ्या. ट्रान्सफरचे फॉर्म 29 आणि 30 वर मालकाच्या सह्या त्याच्यासमोर बसून घ्या. आरसीवरचा मालक हयात नसेल तर वारसांचा विषय येतो, तिथे पहिल्या प्रोजेक्टवाल्याने पडू नये असं माझं स्पष्ट मत.

पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात असलेली गाडी असेल, म्हणजे सुरुवातीची जावा वगैरे, तर 2021 पासून विंटेज म्हणून वेगळं रजिस्ट्रेशन होतं, नंबरमध्ये व्हीए येतं. पण ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली अशा ठरावीक कारणांसाठीच रस्त्यावर काढता येते. मातीत खेळवायच्या गाडीला त्याचा उपयोग नाही.

इंजिन: थंड असताना बघा

पोचल्या पोचल्या ब्लॉकवर हात ठेवा. गरम असेल तर मालकाने तुम्ही यायच्या आधी चालू करून ठेवलीये, चहा घ्या, गप्पा मारा, थंड होऊ द्या. मग इग्निशन बंद ठेवून किक हाताने हळू दाबा. एका जागी ती अडली पाहिजे आणि जोर लावल्यावरच सुटली पाहिजे. सरसर खाली गेली तर पिस्टन-रिंग संपलेत. कॉम्प्रेशन गेज असेल तर उत्तम, थ्रॉटल पूर्ण उघडून सात-आठ किका मारा, 100 पीएसआयच्या खाली आलं तर बोअरचा खर्च धरूनच भाव करा. हेड उघडू देत असतील तर पिस्टनच्या डोक्यावर बघा, ओव्हरसाइज आकडा कोरलेला असतो, 25, 50, 75 असा. 100 लिहिलं असेल तर हा ब्लॉक पुढे बोअर होणार नाही, स्लीव्ह (सिलेंडरच्या आत नवी नळी) टाका नाहीतर ब्लॉक बदला.

आता टू-स्ट्रोकमधली जी गोष्ट नवख्याला कोणी सांगत नाही, क्रँकची सीलं. दोन बाजूंना दोन असतात आणि दोघांची लक्षणं वेगळी. आरएक्समध्ये क्लचच्या बाजूचं सील गेलं की गिअर ऑईल आत ओढलं जातं आणि जळतं, गाडी गरम झाली तरी पांढरा दाट धूर थांबत नाही आणि गिअर ऑईल कमी होत राहतं. मॅग्नेटच्या (क्रँकच्या टोकाला बसलेल्या, स्पार्कची वीज बनवणाऱ्या चाकाच्या) बाजूचं गेलं की हवा ओढते, रेस सोडली तरी आरपीएम खाली यायला वेळ लावतं, आयडल वरखाली होत राहतं, प्लग काढून बघितला तर पांढराफटक. या दुसऱ्याला फार जपायचं, हवा जास्त म्हणजे पेट्रोल कमी, आणि मग पिस्टन पकडतो, म्हणजे सिलेंडरमध्ये अडकून बसतो. सील स्वतः स्वस्त आहे, पण ते गेलेलं असताना मालकाने गाडी किती पळवली त्यावर आतलं नुकसान ठरतं.

मग डावीकडचं मॅग्नेटचं कव्हर काढायला सांगा, दोन-तीन स्क्रू आहेत, कोणी नाही म्हणायचं कारण नाही. मॅग्नेट हाताने धरून वर-खाली हलवा. अजिबात प्ले नको. हलला तर क्रँक बेअरिंग गेलेत, म्हणजे इंजिन पूर्ण फोडावं लागणार, फुल इंजिन. याचा अर्थ गाडी घेऊ नका असा नाही, पहिल्या प्रोजेक्टला इंजिन फोडायचंच असतं, फक्त "इंजिनचं काम नुकतंच केलंय" या वाक्याचे पैसे द्यायचे नाहीत.

चेसी

इंजिन दुरुस्त होतं, वाकलेली चेसी डोकेदुखी आहे, आणि मातीत पळालेली गाडी कुठेतरी आपटलेली असतेच. मागे दहा पावलं जाऊन खाली बसा आणि दोन्ही चाकं एका रेषेत दिसतात का ते बघा. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवून टाकी आणि फोर्कमधलं अंतर दोन्हीकडे सारखं आहे का बघा. स्टिअरिंग हेडच्या मागे जिथे पाईप जुळतात तिथला रंग नीट न्याहाळा, केसासारखी रेष दिसली तर नखाने खरवडा, रंगाखाली गंज दिसला तर ती क्रॅक आहे. फुटरेस्टच्या माउंटिंगलापण तसंच. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा, मध्यावर खटकन अडलं तर कोन सेट बदला, ते स्वस्त आहे. मागचं चाक धरून आडवं हलवा, चिमटा डुलला तर बुश गेलेत, तेही स्वस्त.

टाकीसाठी खिशात छोटं लोहचुंबक ठेवा, फडक्यात गुंडाळून टाकीवरून फिरवा, जिथे पकड ढिली पडते तिथे रंगाखाली पुट्टी आहे. आत टॉर्च मारा. थोडा गंज साफ होतो, पण खालून पेट्रोलचे डाग असतील तर पत्रा जाळीदार झालाय.

नुकताच चकचकीत रंग मारलेली गाडी मी स्वतः टाळतो. गंजलेली, धुळीने भरलेली, एका मालकाची गाडी खरं बोलते.

भाव आणि नंतरचे पहिले दिवस

बाजारातून आणलेली यादी काढा, लागणारे पार्ट जोडा, त्यात बोअर-क्रँकची मजुरी, रंग, क्रोम आणि टायर धरा. जो आकडा येईल त्यावर अजून तिसरा हिस्सा चढवा, कारण निघतंच काहीतरी. आता गाडीची किंमत आणि हा आकडा मिळून तशीच तयार गाडी बाजारात ज्या भावाला मिळते त्याच्या फार वर जात असेल तर दुसरी बघा. भावनेच्या भरात जागेवर टोकन देऊ नका, एक रात्र जाऊ द्या.

घरी आणली की लगेच पाना लावू नका. चालू होत असेल तर आठवडाभर अंगणातच चालू-बंद करा, आवाज ऐका, काय गळतंय ते लिहून ठेवा. जुनं पेट्रोल काढून टाका, आता पंपावर मिळणाऱ्या इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये जुने पाईप आणि कार्बचे रबर फुगतात, ते आधी बदला आणि काम चालू असताना टाकी-कार्ब रिकामे ठेवा, ते पेट्रोल पाणी ओढतं. ट्रान्सफरचं काम याच आठवड्यात आरटीओत घालून मोकळे व्हा, गाडी सुटी झाल्यावर इन्स्पेक्शनला न्यायची कशी?

उघडताना प्रत्येक पायरीला फोटो, वायरींचे रंग दिसतील असे. प्रत्येक भागाचे बोल्ट वेगळ्या झिपच्या पिशवीत, वर मार्करने नाव. डर्टसाठी रुंद हँडल, नॉबी टायर वगैरे जे काही लावाल त्याचा मूळ पार्ट जपून ठेवा, रस्त्यावर गाडी मूळ रूपातच चालवायची आहे, सायलेन्सर तर नक्कीच. चेसी पावडर कोटिंगला पाठवाल तेव्हा चेसी नंबरवर हाय-टेम्परेचर टेप लावूनच पाठवा आणि कोटिंगवाल्याला तोंडी पण सांगा. जाड पावडरखाली नंबर बुजला की इन्स्पेक्टर तो खरवडायला लावतो, आणि खरवडलेला नंबर पुढच्या घेणाऱ्याला संशयास्पद दिसतो.